ग्यासच आहे

"ग्यासच आहे," म्हणाले.
कांदा-बटाटा मार्केटात पन्नास किलोची गोण
पाठीवर घेणारा माणूस
बेंबीभोवती एक बोट फिरवत होता.
ओवा दिला. हिंग कालवून लावला.
सोडा प्यायले, ढेकर आला, तरी ग्यासच.

अकराला बेंबीपाशी होतं,
दोनला उजवीकडे खाली सरकलं,
बिऱ्हाड हलवावं तसं, सामानासकट.
अंग तापलं. शिंक आली
ती पोट धरून, चोरासारखी शिंकले.
मी रिक्षाचं भाडं मोजलं,
मग उद्याची बुडणारी हजेरी.

पहाटे म्हणाले, "थांबलं बघ."
हसलेसुद्धा.
मी चहाचं आधण ठेवलं.

वरच्या बेबीताई म्हात्रे,
वाशीच्या हॉस्पिटलात आया,
रात्रपाळी संपवून जिना चढत होत्या.
दारातूनच मी रात्रीचं सांगितलं.
चपला न काढता आत आल्या,
पोटावर हात ठेवला. फळी नुसती.
"कधी थांबलं?"
"आत्ताच."
"मग आत्ताच उठा."

कोपरखैरणे ते वाशी
एकेक खड्डा त्यांच्या तोंडावर उमटत गेला.

ऑपरेशनचं दार लागलं,
लाल दिवा लागला,
आणि तेव्हा आठवलं:
घरी आधण तसंच.
ग्यास चालूच.