कोन

दगड राखाडी असतो. हे आधी सांगते,
कारण फोटो बघून लोकांना वाटतं
मी निळे दगड कापते.
इलामाच्या खाणीबाहेरच्या टाकाऊ ढिगातला,
साउनाच्या थंड शेगडीत राख उरते ना,
तसा. भिजवला की काळा.
बादलीतून काढताना मनगट जरा वळतं
आणि आतून कुणीतरी
क्षणभर दिवा लावून विझवतं.

एकतीस वर्षं शाळेची बस चालवली.
आता गॅरेजात करवत आहे,
हिऱ्याची चकती, तिच्यावर पाण्याची धार,
आणि पाणी गोठू नये म्हणून
खाली जुना हीटर.
नखांत राखाडी चिखल.
बहीण म्हणते, तुओवी, अगं लोक मोजे विणतात.

रंग थरात झोपलेला असतो.
करवत जराशी तिरकी गेली, तर जन्मभर दगडच.
पेन्सिल पाण्यात पुसली जाते,
म्हणून ॲल्युमिनियमच्या तारेने लंबगोल आखते,
लाखेने काडीवर चिकटवते.
ऐंशी नंबर, दोनशेवीस, सहाशे, बाराशे,
शेवटी चामड्यावर सेरियमची गुलाबी लापशी.
ह्याला पैलू पाडत नाहीत.
नुसत्या कडा काढत जायच्या,
बोटाला एकही लागेनाशी होईपर्यंत.
मग घुमटावर पाणी चढतं.

वेइक्को दारात उभा असायचा. शेजारी.
खाणीत तीस हिवाळे काढलेला.
तोच बादली आणायचा.
कॉफीचा कप, दोन तासांत चार शब्द,
त्यातले दोन हवामानाचे.
खडा दिला की एकदाच वळवायचा.
"आहे," म्हणायचा.
नसला तर काहीच म्हणायचा नाही.

फोटो हे वेगळंच दुखणं.
डिसेंबरात उजेड साडेनऊला येतो
आणि तीनला निघतो,
बूट न काढता बसलेल्या पाहुण्यासारखा.
करडा पुठ्ठा, दुधाच्या खोक्याची चंदेरी बाजू,
खड्याखाली टेकू म्हणून मेणाचा गोळा.
निळा आला की दिव्याचा ठिपका त्याच्यावर बसतो,
ठिपका हटवला की निळा जातो.
आणि घुमट सगळंच बघतो:
खिडकी, दिवा, माझी दोन कोपरं,
इवलंसं, वाकलेलं गॅरेज.
काळा स्वेटर घालून पाहिला,
पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून कॅमेरा.
तरी खिडकी राहतेच.
खिडकी मी आता पुसत नाही.

मागच्या हिवाळ्यातला एक, दोनशे चौदा नंबरचा,
हिरव्यातून नारिंगीत जाणारा,
परवा मोठा करून पाहिला.
खिडकीच्या डाव्या कडेला, तांदळाएवढा,
कुणीतरी उभं. हातात कप.
वेइक्कोने कधी फोटो काढू दिला नव्हता.
ओळखपत्रावरचाही रागावलेला.

लापेनरान्ताला वृद्धाश्रमात, तिसऱ्या मजल्यावर,
मी तो छापून घेऊन गेले.
त्याने चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.
"सुंदर आहे हो," म्हणाला,
परक्या बाईला सभ्यपणे म्हणावं तसं.
मी तांदूळ दाखवला.
"कोण हा?"

खिशातून खडा काढला,
तळहातावर ठेवला त्याच्या. राखाडी.
बाहेर तीन वाजत आलेले.
अंगठ्याने त्याने घुमट चाचपला,
कड शोधली, मिळाली नाही.
मग मनगट वळलं, एकदाच, खिडकीकडे,
आणि थांबलं.
"आहे," म्हणाला.

नर्स कॉफी घेऊन आली.
मी कोण, हे त्याने विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.
बसमध्ये बसल्यावर खिसा चाचपला,
खडा तिथेच राहिलेला.
ड्रायव्हर पोरगेला होता,
प्रत्येक वळणावर ब्रेक उशिरा मारत होता.