नाहीतर काळा

यादी साधीच. डावीकडे नाव,
उजवीकडे आकडा:
शेवटचा फोन उचलल्याला किती दिवस झाले.
शून्य किंवा एक, तर अक्षरं काळी.
दोन झाले की नारिंगी.
तीन आणि पुढे लाल,
मग नर्स ग्रासिएत गाडीची किल्ली उचलते.

एवढंच काम होतं. नगरपालिकेनं मला
तळघरातली एक खोली दिली, एक हीटर,
आणि एकशे बारा म्हातारी माणसं,
त्राश-उश-मोंतिशच्या डोंगरांत विखुरलेली.
वाडीत दहा धुराडी, धूर दोघांतून.
मुलं फ्रान्सला, लक्झेंबर्गला.
कुत्री मात्र इथंच राहिली.

नियम लिहायला एक दुपार पुरली.
उरलेला वेळ मी हीटरवर चेस्टनट भाजले.

बुधवारी ग्रासिएत बर्फातून चाळीस किलोमीटर गेली,
दोना झुल्मिराच्या दारात. लाल होती ना ती.
दोना झुल्मिरा सॉसेजं भरत होती,
हात कोपरापर्यंत लाल तिखटात.
"अगं, सकाळीच बोललो की आपण!
थंडीवर. मग तुझ्या नवऱ्यावर."
येताना आणखी दोन लाल दारं. दोन्हीकडे
सूप उकळत होतं, माणसं धडधाकट.
ग्रासिएतनं किल्ली टेबलावर टाकली, म्हणाली,
"तुझ्या लाल रंगावर यापुढे माझा विश्वास नाही."

रात्री मी यादी खालीवर सरकवत बसले.
खाली. वर. पुन्हा खाली.
तेव्हा कळलं.

पडद्यावर खाने चौदाच असतात.
एकशे बाराजण त्या चौदांतूनच ये-जा करतात.
वर एक नाव दिसेनासं झालं
की त्याचाच खाना खाली येतो, पुढच्याला मिळतो,
काकाचा कोट पुतण्याला मिळावा तसा.
मी लाल करायला सांगितलं होतं.
पुन्हा काळं करायला सांगायचं राहून गेलं होतं.
कोटाच्या खिशात काकाचा रुमाल
तसाच.

पण मग रुमाल कुणाचा?
मी एकेक नाव वर जात राहिले.
अबिलियु तेशैरा. चार.
हा लाल त्याचा स्वतःचा होता.

ग्रासिएत झोपेतून उठली, एक शब्द बोलली नाही.
वळणांवर मी दरीकडे बघायचं टाळलं.
दार नुसतं लोटलेलं.
चुलीपाशी जमिनीवर तो बसलेला, पाय विचित्र वाकलेला,
हाताला येतील तेवढी लाकडं सरपटत ओढून
चार दिवस विस्तव जिवंत ठेवलेला.
फोन वर फळीवर.
"एकवीस वेळा वाजला," तो म्हणाला. "मी मोजत होतो.
मंगळवारी फक्त तीनदा केलात."

ग्रासिएतनं त्याच्या ओठाला पाणी लावलं.
मी उभीच. खोलीत माझ्या कामाचं
काहीच नव्हतं.

पहाटे परत आल्यावर बूट न काढता
ती ओळ लिहिली. नियमाच्या शेवटी, दोन शब्द:
नाहीतर काळा.
प्रत्येक नावाला, प्रत्येक वेळी, नव्यानं.
जो ठीक आहे त्यालाही
ठीक आहेस असं सांगावं लागतं;
न सांगितलं तर तो
आधीच्याचं अंगावर घेऊन बसतो.

रविवारी दोना झुल्मिराला फोन लावला,
माफी मागायला.
"आता मी कुठल्या रंगात आहे?"
"काळ्या."
"बरोबर. नवरा गेल्यापासून एकतीस वर्षं.
तुझ्या यंत्राला आत्ता कळलं."
मागे कुत्रं भुंकलं, तिनं त्याला शिवी घातली.
मग आवाज खाली आणून म्हणाली,
"आणि नाव पूर्ण लिही माझं, आडनावासकट.
ओढ्यापलीकडे दुसरी एक झुल्मिरा आहे.
तिचा रंग मला लागायला नको."