कलम पाचवं

करारनामा एका पानाचा होता.
दुर्बिणी क्लबच्या. अंगण संग्रहालयाचं.
चहा निम्मानिम्मा.
आणि ढग आले तर कोणी कोणाला दोष द्यायचा नाही.
खाली मॅडमची सही, ठवकर सरांची सही,
शिक्का जरा तिरपा, कारण तो मी मारला.

एकवीस वर्षं मी संध्याकाळी कुलूप लावत आलो.
अंधारात इथं काय असतं मला विचाराल,
तर भुसा भरलेला वाघ आणि वटवाघळं.
आज माघातल्या अवसेआधीचा शनिवार,
आणि वहीत माझ्या नावापुढं काम :
दिवे बंद करणे.

व्हरांड्यातले गेले. पायऱ्यांवरचे गेले.
फाटकाजवळच्या हॅलोजनचं बटण मात्र
कोणत्या खात्याकडे आहे
ते खात्यालाच माहीत नाही.
मग शिडी लावली, गव्हाचं पोतं चढवलं,
सुतळीनं आवळलं.
"जमलं ना बावा!" सर खालून ओरडले.

बर्डीकडचं आभाळ तरी पिवळंच,
तर्रीसारखा तवंग आलेलं.
डोक्यावर मात्र
घोंगडीएवढं काळं मिळालं.

रांगेत पहिले एक वकील.
त्यांनी गुरू पाहिला, चार चंद्र मोजले,
आणि विचारलं, आत फोटो तर चिकटवला नाही ना?
सर म्हणाले, हात लावू नका, नुसते बघत राहा.
पृथ्वी फिरली.
गुरू चंद्रांसकट काठावरून निसटला.
वकील बराच वेळ वाकलेलेच,
मागचा पाणीपुरीवाला खाकरेपर्यंत.

मग सरांनी हिरवा किरण मृगावर धरला.
हे तीन तारे, म्हणाले, म्हणजे व्याधाचा बाण.
"बाण कायचा जी?"
मसरामबाई. हातात फरशीची बादली.
"तिफण होय ते. आमच्या गावी
ते कुठं आली ते पाहूनच बुढा झोपे."

सरांनी किरण विझवला.
खिशातून पेन काढलं, कागद सापडेना.

दालन क्रमांक चार, खिडकीजवळचं कपाट :
पेरणीचे अवजार. लाकूड. देणगीदार अज्ञात.
दर मंगळवारी ती काच बाईच पुसते.
मी तिथं बॅटरी मारून फक्त कुलूप बघायचो.

मॅडमनी नुसती मान हलवली, मी किल्ली लावली.
बॅटरीला लाल जिलेटिन गुंडाळून
चारचार जणांना आत नेलं.
तीन फण, वर चाडं.
लोक बघायचे, बाहेर पळायचे, मान वर करायचे,
परत आत यायचे.
हिंगण्याची एक पोरगी पाच वेळा आली.
पाचव्यांदा तिनं मलाच समजावून सांगितलं.

साडेनऊला जळका वास.
पोतं धुमसत होतं.
बाईंनी बादली दिली, मी शिडीवर,
आणि भप्पकन सगळा उजेड अंगणात.
दीडशे माणसं एकदम ओरडली मला,
आभाळ जणू मीच पुसलं.

चहा गार झाला होता, तोच वाटला.
मॅडमनी करारनामा मागवला,
पेन्सिलीनं खाली एक ओळ वाढवली :
पोतं ओलं करून बांधणे.
मग जरा थांबून, त्याच ओळीत,
मसरामबाईंना विचारणे.