रकाना सातवा

कोंबड्यांच्या खुराड्यातून ओढून काढली तेव्हा
टाकीवर शिटेचे थर, आणि खाली कुठेतरी लाल रंग.
जावा, अडीचशेची, अठ्ठावन्न सालची.
बापाने मरताना एवढंच सांगितलं होतं :
"ओरोस्मानची होती. आता आपली आहे."
मधलं काही नाही. एल्बिओ म्हणजे
मिठासारखे शब्द वापरणारा माणूस, चिमूटभर.

पिस्टन सिलिंडरला असा धरून बसलेला,
जणू दोघं एकाच क्षणी गेले.
प्लगच्या भोकातून डिझेल ओतत राहिलो, अकरा दिवस.
रोज सकाळी येर्बाचा पहिला घोट माझा,
डिझेलचा त्याचा.
बाराव्या दिवशी लाकडाचा ठोकळा ठेवून
हातोडीने ठोकलं, दार वाजवावं तसं,
आतलं कुणी झोपलेलं असेल या बेताने.
केसभर हललं.
कुणाला बोललो नाही. उगाच अंगण झाडून काढलं.

वरची रिंग तीन तुकड्यांत निघाली.
नवी मोंतेविदेओहून आली, बस ड्रायव्हरच्या खिशातून.
कार्ब्युरेटरमध्ये कुंभारमाशीचं घर होतं,
तेही रिकामं.
या गाडीचा गियरचा दांडा आत दाबून वर फिरवला
की तोच किक होतो.
सतराव्या लाथेला निळा खोकला आला,
अठराव्या लाथेला कोंबड्या कुंपणापलीकडे.

नदीच्या पुलावर पोलिसाने हात केला.
"लिब्रेता?"
ते पुस्तक कुणी पाहिलंच नव्हतं.

नगरपालिकेत ग्लादिसने जाडजूड वही उघडली :
चासी नंबर जुळतो, इंजिन नंबर जुळतो,
मालक ओरोस्मान सिल्वेइरा. मयत.
वारस : बहीण, दुरास्नोला.
"तिची सही आणा," ती म्हणाली,
जसं काही सही म्हणजे झाडाची संत्री.

नेरेइदाबाई नव्वदीच्या उंबऱ्यात.
भिंग घेऊन फॉर्म वाचत गेल्या, रकान्यामागून रकाना,
आणि सातव्यावर बोट थांबलं. विक्रीची किंमत.
"विक्री? कसली विक्री?
माझा भाऊ ही गाडी पत्त्यांत हरला. त्रुकोत.
तुझ्या बापाच्या हातात दोन चौव्या होत्या,
दोन चौव्या, पोरा! आणि असा ओरडून डाव चढवत गेला
की गल्लीतले कुत्रे उठले.
ओरोस्मानने चांगले पत्ते टाकून दिले."
"माझा बाप ओरडला?"
"मग काय. आणि पुढे दर रविवारी
ह्यालाच मागे बसवून मासे धरायला न्यायचा.
दोघंही पाण्याशी गप्प."

सही केली, थरथरती, पण पूर्ण नावाची.
सातव्या रकान्याला मात्र हात लावला नाही.
"खोटं मी लिहिणार नाही. तुझं तू बघ."

साठ किलोमीटर बसच्या खिडकीशी
मी बापाचा तो आवाज लावून बघत होतो,
कुठल्याच चेहऱ्याला बसेना.

ग्लादिस म्हणाली, रिकामं चालत नाही.
शून्य लिहिलं तर ते बक्षीस,
बक्षिसाचा फॉर्म वेगळा, खिडकी वेगळी,
आणि ती खिडकी गुरुवारी.
"बोला. किती?"

माझ्याकडे पावती नव्हती, साक्षीदार नव्हता,
नखांत अजून काळं तेल.
मी ताठ उभा राहिलो
आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल असा
एक आकडा सांगितला.