हाकेच्या अंतरावर

सुई मांडीत गेली तरी ओफेलियाबाई
हूं की चूं करत नाहीत.
"हिला काय भ्यायचं? छप्पन साली
रोसारिओत झाडांच्या बुंध्यांना चुना फासला होता,
आम्हा पोरांच्या गळ्यात कापराच्या पुरचुंड्या.
तरी पोलिओ आलाच."

स्पीकर गप्प आहे.
विसावलेला स्नायू काही बोलत नसतो.
"गुडघा उचला. थोडासाच."

धब्.
मग बराच वेळ काही नाही.
पुन्हा धब्, जाडजूड, एकटा,
जिथे लाह्या फुटल्यासारखी तडतड यायला हवी.

हे सांगणं माझं काम नाही, डॉक्टर सांगतील.
पण त्या पडद्याकडे बघत राहतात, आणि मी बोलून जाते.

मज्जारज्जूतून चेतातंतू निघतो,
कंबर ओलांडून मांडीपर्यंत येतो
आणि टेकत नाही.
शेवटी एक फट उरतेच.
केसाचे हजार उभे काप काढले
तर त्यातल्या एकाहूनही अरुंद.
तिथून तो रसायनाची चिमूट सोडतो,
पलीकडे धागा आखडतो.
अर्धवट होकार त्या धाग्याला ठाऊक नाही.

"आणि माझा?"

तुमचे हाक मारणारे बरेचसे त्या उन्हाळ्यात मेले.
मागे राहिले धागे, धडधाकट,
पण बोलावणारं कोणी नाही.
मग जे वाचले होते त्यांनी फांद्या फोडल्या,
शेजारचे पोरके आपल्या पदरात घेतले.
एकेकाचा संसार पाचपट, कुठे त्याहून जास्त.
त्यावर तुम्ही बेकरीत वीस वर्षं उभ्या राहिलात.

"एकेचाळीस," त्या दुरुस्त करतात. "पहाटे तीनपासून."

आता त्या फांद्या दमल्यात, बाई.
एकेक हात सुटतोय.

त्या छताकडे बघतात. तिथे ओल आलेली आहे,
कधीपासून सांगतेय मी.
"नर्स ओरडायची, जोर लाव, अजून लाव.
आता तू म्हणणार, बस."
दमायच्या आधी बसा.
"आधी म्हणजे कधी, ते कसं कळतं?"
मला उत्तर येत नाही. मी कापूस दाबून धरते.

पायमोजा चढवताना त्या गुडघ्याला काहीतरी पुटपुटतात,
स्पॅनिश नव्हे, आईकडची पिएमोंतची बोली.
मला ती कळत नाही.
गुडघा वर येतो.
यंत्र मी केव्हाच बंद केलेलं.