अठरावी नळी

उद्यमनगरात, आयूब मिस्त्रींच्या लेथशेजारी
माझ्या टेबलावर सतरा नळ्या उताण्या पडल्यात.
भेगांच्या मलमासाठी. सगळ्या फसलेल्या.
एक थुंकते, एक गुदमरते,
एकीला सोडलं तरी पोटातला खड्डा तसाच.

कंपनीची मागणी एका ओळीची:
एका दाबात वाटाण्याएवढं, आणि तोंड कोरडं.

अठरावी मी सुभाषनगरच्या मालूताईंना दिली.
चाळीस वर्षं चपलांना वादी ओवून
त्यांचा अंगठा आता वाकत नाही.
माझं सगळं गणित अंगठ्यावर उभं होतं.

त्यांनी नळी मांडीवर आडवी घेतली,
तळव्यानं रेटली, ओलं कातडं रेटावं तशी.
मलम लुगड्यावर.
"पोरी, म्हस पिळताना बघितलीस का कधी?
ओढायचं नसतंय. वरनं कोंडायचं, मग सोडायचं."

रात्री गंगावेशीत कट्ट्यावर उभी राहिले.
पेल्यात धार, काठावर फेस.
मी दुधाकडं नाही,
दोन धारांमधल्या फटीकडं बघत होते,
सड पुन्हा भरतो तेवढ्या वेळाकडं.

सकाळी मिस्त्रींना म्हटलं,
झडप मऊ करू, चीर अर्धा मिलिमीटर आखूड,
आणि भिंत एका अंगानं पातळ, तळव्यासाठी.
साचा परत कापावा लागंल, ते म्हणाले,
आणि चष्मा पुसत बसले.
कापू म्हणाले नाहीत. नाही, असंही नाही.

एकोणिसावी अजून कागदावरच आहे.
तोवर मालूताईंच्या टाचांना
वाटीतलं आमसुलाचं तेल.
त्याला अंगठा लागत नाही.