बॉनेटवरची लोकर

चार हजार फुटांवरची हवा
पाणी घातलेल्या ताकासारखी.
पोट भरतं, अंगी लागत नाही.
टुकमकॅरीबाहेरच्या पडीक धावपट्टीवर
दर शनिवारी आम्ही ती नोव्हाला पाजतो
आणि पाव मैलाच्या टोकाला
घड्याळाचं तोंड बघतो.

यंदा ट्रुएटनं बॉनेट कापलं.
बापानं हातानं रंगवलेलं निळं बॉनेट.
कापलेला तुकडा मी गुपचूप ट्रकच्या सीटखाली सरकवला.
वर बसवला स्कूप,
त्यात मांजर पिलांसकट मावेल एवढा.
"आता पिऊ दे तिला पोटभर," म्हणाला.
लोक फोटो काढून गेले.

दहा ब्याण्णवची गाडी दहा अठ्ठ्याण्णववर आली.
मोठ्या तोंडी लहान घास.

मग शिव्या कार्ब्युरेटरला,
मग जेट बदलले, मग परत तेच जुने,
मग शिव्या ऑगस्टला.
मी प्लग काढून फडक्यावर ओळीनं मांडले:
पुढचे चार काजळलेले,
मागचे चार खडूसारखे पांढरे.
एकाच पंगतीत चौघांना अजीर्ण, चौघे उपाशी.
वाढणारा कोण आहे, ते आधी बघायला हवं होतं.

शेजारच्या ओफेलिया बाकाबाईंनी
नातवाच्या स्वेटरमधून उरलेली लाल लोकर दिली.
कशाला, ते विचारलं नाही.
बोटभर तुकडे केले, बासष्ट,
चिकटपट्टीनं बॉनेटभर लावले.
ट्रुएटनं गाडी ऐंशीला नेली
आणि हॉलिसच्या ट्रकच्या खिडकीतून
मी कमरेपर्यंत बाहेर.

तेव्हा पहिल्यांदा वारा दिसला मला.
नाकाशी शहाणा, सरळ निजलेला.
स्कूपच्या दारात आला की गोंधळायचा,
लोकर उभी राहायची,
अनोळखी घरासमोर थांबल्यासारखी,
आणि मग बाजूनं निघून जायची.
पत्र्याला चिकटून वाहणारा वारा आळशी असतो,
दोन-तीन बोटं जाडीचा, रेंगाळणारा.
खरा वारा त्याच्या डोक्यावरून जातो.
आमचा एवढा मोठा जबडा
नेमका त्या आळशाच्या वाटेत आ वासून बसला होता.
काचेच्या पायथ्याशी एक धागा तर
उलटा, पुढे बोट दाखवत होता.

स्कूप तीन इंच उचलला.
कार्ब्युरेटरभोवती ताट, ताटाभोवती फोम,
आलेला घास सांडू नये म्हणून.
तरी आत शिरलेला वारा मागच्या भिंतीवर आपटून
तोंडावर तोंड करत होता.
त्याला वळवायला वाकडा पत्रा हवा होता.
मी सीटखाली हात घातला.

ट्रुएट बराच वेळ त्या निळ्याकडे बघत राहिला.
मग गुडघ्यावर ठेवून
त्यानं तो हळूहळू वाकवला.

आता गाडी कुरूप दिसते.
फोटो कोणी काढत नाही.
जेट दोन नंबरनं मोठे केले,
कारण हवा आता खरंच येते
आणि तिच्या वाटणीचं पेट्रोल मागते.

काल रात्री दहा एक्क्याऐंशी.
ट्रुएट म्हणतो, स्कूप.
मी म्हणते, संध्याकाळ गार होती,
गार हवा दाट असते, तिचंही थोडं श्रेय.
तो म्हणतो, तुला आनंद पचत नाही.

एक धागा काढायचा राहिलाय, उजव्या कडेला.
रेषेवर उभी असताना तो लोंबतो.
दिवा हिरवा होतो, पुढचं चाक उचलतं,
आणि तो आडवा होतो.